गच्चीवरची काळी भिंत

मुलगी पुण्याला बोलावत होती, म्हणून जळगावातलं मेहरूणचं घर विकायचं ठरलं. जाहिरातीच्या फोटोंआधी दलाल पाहणीला आला आणि एकेक वस्तू हलवायला सांगत सुटला. खिडकीतला कूलर काढा, दोरीवरचा टॉवेल काढा, देव्हाऱ्यासमोरचं स्टूल काढा. घरात कोणी राहत नाही असं दिसलं पाहिजे, म्हणाला. त्यासाठी एवढी खटपट कशाला? आमची ही गेल्यापासून दीड वर्ष घर तसंच तर दिसतंय.

गच्चीवर मात्र तो थबकला.

"आबा, बठ्ठं घर मस्त शे, पन हाई भित देखा! फोटोमा आग लागेल घर दिखस. रंगाडी ल्या."

भिंत काळी होती, कबूल. तीस वर्षं दर हिवाळ्यात ही त्या कोपऱ्यात पऱ्हाटी पेटवून भरिताची वांगी भाजायची. कापसाच्या त्या वाळक्या काड्यांचा धूर लागला नाही, तर त्याला ती भरीत म्हणायचीच नाही. पंचवीस माणसं गच्चीवर जेवायला असायची, आणि मी आपला भिंतीवरून कुरकुरत असायचो.

"घर काय नुसतं देखाले बांधेल शे का?" ती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच ब्रश घेतला. ते काळं परक्या हातानं पुसलं जायला नको होतं. पहिल्या हातातून काजळी वर आली, दुसऱ्यातूनही आली. तिसऱ्या हाताला भिंत पांढरी झाली आणि मला रडू कोसळलं. तिच्या हातचं घरात एवढंच उरलं होतं, आणि ते मीच पुसलं.

फोटो सुरेख आले. आठवड्याभरात चाळीसगावहून एका बाईंचा फोन आला. त्यांची जळगावला बदली झाली होती, घर आवडलं होतं, रविवारी पाहायला येणार होत्या.

"एकच विचारायचं होतं काका. गच्चीवर भरीत करता येईल ना? नाही, भिंत अगदी कोरी दिसली. तुमच्याकडे कधी करत नसतील, म्हणून विचारलं."

"येईल," मी म्हणालो. फोन ठेवल्यावर स्वतःचाच असा राग आला, की चहाही गोड लागला नाही.

संध्याकाळी बाजारातून एक वांगं आणलं.

"एकच? एक वांगानं काय भरीत व्हई, आबा?" भाजीवाली हसली.

जिन्याखाली हिनं आणून ठेवलेली पऱ्हाटीची शेवटची मोळी होती. ती त्याच कोपऱ्यात पेटवली. वांगं छान भाजलं, धूरही डोळ्यांत गेला. मी भिंतीकडे बघत बसलो. रविवारच्या आत मला ती पुन्हा काळी करायची होती.

एका वांग्यानं भिंत काळी होत नाही.