हळू की जोरात?

आमच्या घरात जेवणाआधी मत सांगावं लागायचं. रेडिओवरच्या प्रादेशिक बातम्या संपल्या की माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, बटण पिळून रेडिओ बंद करायचे आणि माझ्याकडे वळायचे. "मग? तुझं मत काय हाय यावर?" पाण्याच्या टँकरवर, साखरेच्या भावावर, दिल्लीतल्या सरकारवर, कुठल्यातरी लांबच्या देशातल्या लढाईवर. भाकरी तव्यावर असो की परातीत, उत्तर दिल्याशिवाय सुटका नसायची.

आप्पा येडशीला रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होते. निवृत्त झाल्यावरही आम्ही फाटकाजवळच राहायचो. तरुणपणी त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती आणि तेव्हापासून प्रत्येक गोष्टीवर स्वतःचं मत असणं ही त्यांना आंघोळीइतकी रोजची गरज वाटायची. "तुझ्या आज्याला कुणी इचारलं न्हाय, बाबा तुला काय वाटतं म्हणून. आता कुणी इचारलं तर गप बसायचं व्हय?" हे बोलणं मला पटायचं. पण अडचण अशी की त्याच्या उलट कुणी बोललं असतं तर तेही मला पटलं असतं. सरकार चुकलं असं एकजण म्हणाला की मला वाटायचं, खरंच चुकलं. दुसरा म्हणाला, सरकार तरी काय करणार, की वाटायचं, हो, काय करणार बिचारं. मग मी काहीतरी गुळमुळीत बोलायची, आप्पा नाराज व्हायचे आणि आम्ही जेवायला बसायचो.

मी तालुक्यातल्या एका सहकारी दूध संघात टायपिस्ट होते. घरापासून संघापर्यंत सायकलवर जायची. बाईनं सायकल चालवावी की नाही यावरही रस्त्याभर मतं होती, ती मी येता-जाता फुकटात ऐकायची.

ते दुष्काळाचे दिवस होते. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेले लोक याला दुष्काळ म्हणायला तयार नव्हते, पण विहिरी कोरड्या होत्या आणि जनावरं छावणीत होती. दूध आटलं होतं. आणि नेमक्या त्याच साली आमच्या संघात कॉम्प्युटर आला.

त्याच्यासाठी एक खोली थंडगार केली. बाहेर लोक घागरी घेऊन टँकरची वाट बघायचे आणि आत यंत्राला गारवा. चपला बाहेर काढून आत जायचं, मोठ्यानं बोलायचं नाही. अध्यक्षांनी त्याच्यासमोर नारळ वाढवायला घेतला, तेव्हा तो बसवायला आलेल्या माणसानं अक्षरशः हात जोडून त्यांना दाराबाहेर नेलं. शेवटी नारळ पायरीवर फुटला आणि कुंकू तेवढं यंत्राच्या पडद्याच्या कडेला लागलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. त्यात दुधाच्या बिलाचा प्रोग्राम होता. गावाचं नाव, दुधाचं माप, फॅट भरली की पैसे आपोआप निघायचे.

त्याच्यावर तर सगळ्या तालुक्याचं मत होतं. "दुधात पाणी किती हाय ते बी ह्याला कळतंय म्हणं," असं कुणीतरी उठवून दिलं. पुढचे काही दिवस संघात जे दूध आलं, तसं मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्याला काही कळत नाही हे लोकांना कळलं आणि दूध पुन्हा पहिल्यासारखं पातळ झालं. संचालकांना वेगळीच काळजी. उपाध्यक्षांनी मला एकदा बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, हे मशीन अध्यक्षाच्या बाजूचं हाय का?" आणलं तर अध्यक्षांनीच होतं.

मलाही काळजी होती, पण माझी साधी होती. मॅनेजर साहेबांनी स्पष्टच सांगितलं, "एकाला पुण्याला शिकायला पाठवायचंय. जो शिकून येईल तो इथं राहील. मग टायपिस्ट ठेवायचं काही कारण उरत नाही." साहेब वाईट नव्हते. पगार द्यायला संघाकडे पैसे नव्हते, हेही खरं होतं. मला त्यांचंही पटलं, आणि रात्रभर झोप लागली नाही. आमच्या घरात मिळवती मी एकटीच होते. आप्पांची पेन्शन त्यांच्या दम्याच्या औषधाला पुरायची नाही.

माझं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. अध्यक्षांना त्यांच्या भाच्याला पाठवायचं होतं आणि उपाध्यक्षांना त्यांच्या मेहुण्याला. दोघंही संघातच कारकून. दोन बैठका नुसत्या आरडाओरड्यात गेल्या. शेवटी वैतागून अध्यक्ष म्हणाले, "वर्धापनदिनाला सायकल स्पर्धा हाय न्हवं? जिंकंल त्यो पुण्याला जाईल. मिटलं." आणि आश्चर्य म्हणजे उपाध्यक्ष ताबडतोब कबूल झाले. ते इतक्या पटकन का कबूल झाले, हा विचार तेव्हा कुणीच केला नाही.

नोटीस लागली, संघाच्या दारापासून रेल्वे फाटकापर्यंत कर्मचाऱ्यांची सायकल स्पर्धा. मी घरी येऊन आप्पांना सांगितलं. आप्पांना सायकल शर्यतीबद्दल फार वाईट बोलायचं होतं. दर वर्षी संघात हळू सायकल चालवायची शर्यत असायची, शेवटी पोचणारा पहिला. "जो फुडं सरकत न्हाय त्याला बक्षीस? असं तर सगळ्या पुढाऱ्यांस्नी मिळायला पायजे." आणि जोरात पळवायची शर्यत तर त्यांना त्याहून मूर्खपणाची वाटायची. सायकल कामावर जायला असते, कामावर जाताना कुणी शर्यत लावत नाही. हे सगळं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "बाईमाणसानं भाग घ्यायचा न्हाय, असं नोटिशीत हाय का?"

"नाही."

"मग?"

मी नाव दिलं. लोक हसले. मॅनेजर साहेब म्हणाले, कशाला उगीच. पण कर्मचारी तर मी होतेच.

त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी. आम्ही तिघं रेघेवर उभे. एका बाजूला भाचा, दुसऱ्या बाजूला मेहुणा, मध्ये मी माझी लेडीज सायकल घेऊन. शिट्टी वाजली. मेहुणा जो सुटला, तो धुरळाच मागं राहिला. आणि भाचा जागच्या जागी हँडल वाकडं करून, दात आवळून, पाय न टेकता डुलत उभा.

भाच्याला त्याच्या मामांनी सांगितलं होतं, नेहमीसारखी हळू सायकलची शर्यत आहे. मेहुण्याला उपाध्यक्षांनी सांगितलं होतं, यंदा जोराची. नोटिशीत हळू की जोरात हे लिहिलंच नव्हतं, आणि मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

माझी अवस्था काय सांगू! मेहुण्याला बघून मी जोरात पायडल मारलं. दहा-वीस हात गेले आणि मागं वळून पाहिलं, तर भाचा अजून रेघेवरच. ब्रेक दाबला. पडता पडता वाचले. "हाण बाई, हाण!" एकीकडून. "आगं हळू, पाय टेकू नको!" दुसरीकडून. एक म्हातारा तर ओरडून सांगत होता की परत फिर. मी थोडी जोरात जायची, घाबरून हळू व्हायची, परत जोरात. घामानं डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं. नोकरी चालली, हे मात्र स्वच्छ दिसत होतं, आणि ती हळू गेल्यानं जाईल की जोरात गेल्यानं, तेवढंच कळत नव्हतं.

लांबून फाटक दिसलं. फाटकापाशी आप्पा उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. मी जीव तोडून ओरडले, "आप्पा, हळू की जोरात?"

आणि या माणसानं भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, मला उलट विचारलं, "तुझं मत काय हाय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या क्षणी मला आप्पांचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. मी कसलाच विचार न करता सायकल मारली ती सरळ फाटकाला जाऊन भिडले. मेहुणा तिथं आधीच गळ्यात हार घालून उभा होता. भाचा पोचला तेव्हा दुपार उलटून गेली होती, आणि त्याच्याही लोकांनी हार आणलेला होता.

दोन विजेते. दोन मिरवणुका. एकाच बँडला दोघांनीही आपल्याकडे ओढलं. चहाच्या टपऱ्यांवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पाऊस नाही, चारा नाही, आणि लोक म्हणतायत सायकल हळू का जोरात. मला विचारलं की मी म्हणायची, दोघांचंही बरोबर आहे. खरंच मला तसंच वाटत होतं.

मग संचालकांची बैठक झाली. ठराव टाइप करायला मला बसवलं होतं, दाराजवळच्या टेबलावर. पुष्कळ वेळ भांडण झालं. शेवटी सगळे दमले. उपाध्यक्षांनी पान चघळत माझ्याकडे बोट केलं. "त्या बाईला धाडा की. ती मधी आली व्हती."

"तिला?" अध्यक्ष म्हणाले.

"काय बिघडतंय? ती ना तुमच्यातली, ना आमच्यातली."

खोलीत एकदम हलकं वाटायला लागलं. दोनचार जण हसले. अध्यक्षसुद्धा हसले. "हे मातर खरं हाय," ते म्हणाले. मला पाठवायचं ठरलं. टाइप करा, मॅनेजर साहेब म्हणाले, सर्वानुमते. मी टाइप केलं. बोटं बरोबर चालत होती.

घरी जाताना मी सायकलवर बसले नाही, हातात धरून चालत गेले. नोकरी वाचली होती. औषधं येणार होती. मला आनंद झाला होता आणि कानांत ते हसणं होतं. ज्या कारणानं या लोकांनी आम्हाला जन्मभर पंगतीबाहेर बसवलं, त्याच कारणानं मला पुण्याला पाठवलं होतं. मी जिंकले होते का? का फक्त दोघांच्याही अडचणीची नव्हते? पटणाऱ्या दोन बाजू मला नेहमीच दिसायच्या, पण या वेळी दोन्ही माझ्याच अंगात होत्या.

आप्पा रेडिओला कान लावून बसले होते. मी बटण पिळून रेडिओ बंद केला आणि बैठकीत झालेलं सगळं सांगितलं, उपाध्यक्षांचे शब्द तसेच्या तसे.

"आप्पा," मी विचारलं, "यावर तुमचं मत काय?"

ते चुलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला समजंना गं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते रडायला लागले. मला वाटलं होतं ते चिडतील, नाहीतर खूश होतील, आणि मग मला कळेल की मी काय व्हायचं. आता सांगणारं कुणी उरलं नाही. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"जाशील न्हवं?" त्यांनी विचारलं.

"जाईन," मी म्हणाले, आणि भाकरी करायला उठले.