वेलिकाची अनुक्रमणिका

ग्रोझदामावशीची जागा मला मिळणार होती, खोटं कशाला बोलू? आमच्या गायनमंडळात ती पहिली, मी दुसरी. मागच्या जत्रेत तिनं जो घोळ घातला, त्यानंतर आमच्या संचालकानं, स्पासनं, सांगूनच टाकलं होतं, "पुढच्या वर्षी पुन्हा चुकली, तर नेदा पुढे." नेदा म्हणजे मी.

आमच्याकडे जत्रेत लोक गाण्यांची फर्माईश करतात. पुढे उभी असलेली बाई पुस्तकाच्या शेवटची अनुक्रमणिका बघून पानाचा आकडा पुकारते. ढोलांच्या गोंगाटात बाकीच्यांना दुसरं काही ऐकू येत नाही, त्या आकडा ऐकून पान उघडतात. मागच्या वर्षी एकानं मुलीसाठी लग्नाचं गाणं मागितलं. मावशीची नजर गाण्याचं नाव आणि आकडा यांच्यामधल्या ठिपक्यांच्या रांगेवरून घसरली आणि तिनं खालच्या ओळीचा आकडा पुकारला. ती एकटी लग्नाचं गात होती आणि मागच्या दहाजणी मढ्यावरचं! नवरीचा बाप पांढराफटक पडला.

चष्मा लाव म्हणाल, तर आमचा गावठी पोशाख अंगावर चढला की कुणीही चष्मा लावत नाही. मीसुद्धा नाही.

गाण्यांचं नवीन पुस्तक छपाईला मी काम करते त्याच छापखान्यात आलं. मी बांधणी करते, अक्षरजुळणी वेलिकाची. एकतीस वर्षं ही बाई लग्नपत्रिका, लोणच्याच्या बरण्यांची लेबलं आणि मेलेल्यांचे कागद जुळवते आहे. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर, खांबावर लावतात. वेलिका तो कागद आधी रस्त्यावर धरून बघते. चालत्या माणसाला नाव वाचता आलं नाही, तर तिच्या लेखी तो माणूस नीट मेलेलाच नाही!

स्पासला अनुक्रमणिका जुन्या पोथीसारख्या वेलबुट्टीच्या अक्षरांत हवी होती, तीही दोन पानांत.

"वाचणार कोण? तुमचे पूर्वज?" वेलिका म्हणाली.

तिनं तीन फॉन्टमध्ये प्रुफं काढली आणि मावशीला बोलावलं. मावशीनं चष्म्याशिवाय तिन्ही घडाघडा वाचली. वेलबुट्टीचंसुद्धा! मी मनात म्हटलं, गेली माझी जागा. पण वेलिकाच्या कपाळावर आठी. दुसऱ्या दिवशी तिनं गाण्यांचा क्रम उलटसुलट करून प्रूफ पुढे ठेवलं. मावशी पुन्हा घडाघडा सुरू झाली, जुन्याच क्रमानं.

"मावशी, हे पाठ म्हणताय तुम्ही. मला फसवता?"

मावशीचा चेहरा पडला. "मग काय सांगू? दिसत नाही म्हणू? उद्या मला खुर्चीवर बसवतील आणि टाळ्या वाजवायचं काम देतील. चाळीस वर्षं पुढे उभी आहे गं मी."

मी पुठ्ठे कापत होते. मान वर केली नाही.

"बसवू देत नाही," वेलिका म्हणाली. "पण आता खरं बोलायचं. नाही दिसलं तर नाही म्हणायचं."

मग ती हट्टालाच पेटली. प्रुफं घेऊन रोज आमच्या तालमीच्या सभागृहात, मंचावरच्या त्या दोन मरतुकड्या दिव्यांखाली. बारीक अक्षरं गेली. वेलबुट्टी गेली. जाड, साधी, मोठ्या पोटाची अक्षरं आली. तरी मावशी म्हणे, "नाव दिसतं गं, पण आकड्यापर्यंत जाईतो ओळ सुटते." झालं! वेलिकानं ठिपक्यांची रांगच काढून टाकली. आकडा नावाच्या आधी, अगदी चिकटून. दर चार ओळींनी मोकळी जागा. चौदावं प्रूफ झालं तेव्हा अनुक्रमणिका पाच पानांची झाली होती.

"तीन पानं जास्त! आणायची कुठून?" स्पास ओरडला.

"तुमच्या प्रस्तावनेची दोन आणि फोटोचं एक."

तो महिनाभर तिच्याशी बोलला नाही. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

जत्रेत नेमकं आभाळ भरून आलं आणि कार्यक्रम सभागृहात हलवला. मंचावर तेच दोन दिवे. पहिल्याच फर्माईशीत कुणीतरी ओरडलं, "मेंढपाळाचं गाणं!" मावशीनं पुस्तकाचा शेवट उघडला. बोट पानावरून खाली सरकलं, थांबलं, पुन्हा वर गेलं. स्पासनं माझ्याकडे बघून मान हलवली. तयार राहा. पहिल्या रांगेत वेलिका मुठी आवळून बसली होती.

"त्रेपन्न!" मावशी खणखणीत म्हणाली.

चुकीचं असू दे, असं माझ्या मनात आलं. देवाशप्पथ आलं. मी त्रेपन्नावं पान उघडलं. मेंढपाळाचंच गाणं होतं, आणि मी ते माझ्या उभ्या जन्मात गायले नाही इतक्या जोरानं गायले, मावशीच्या मागे उभी राहून.