सुजाताताईंचं पब्लिक

ऑफिसात होते तेव्हा सुजाताताईंच्या लेकीचा, मैत्रेयीचा फोन आला. एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलणारी ती पोर त्या दिवशी मराठीत म्हणाली, "मावशी, आई गेली..." त्याला आता सहा आठवडे झाले.

मूळच्या नागपूरच्या सुजाताताई इथल्या विद्यापीठात संवादशास्त्र शिकवायच्या. ‘पब्लिक’ म्हणजे नेमकं कोण, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. डीमन या डच गावात आम्ही एकाच इमारतीत राहायचो. मी आयटीतली, एकदा थट्टेनं विचारलं, "ताई, पब्लिक म्हणजे गर्दीच ना? त्यात संशोधन कसलं?" त्या हसल्या. "गर्दी कुणीही जमवतं गं. आपला सगळ्यांचा प्रश्न एकच आहे हे माणसांना कळलं, आणि ती त्यावर एकमेकांशी बोलायला लागली, की पब्लिक तयार होतं."

दोन वर्षांपूर्वी इमारतीच्या मालक कंपनीनं तळमजल्यावरची सामायिक खोली बंद करायचं ठरवलं. तिथं म्हातारी माणसं कॉफीला जमायची, आमची बुद्धजयंतीही तिथंच व्हायची. कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं, ‘रहिवाशांची हरकत नाही.’ ताईंची तेव्हा केमोथेरपी चालू होती. तरी संध्याकाळी एकेक मजला गाठून त्या दारं वाजवायच्या. सही मागायच्या नाहीत, "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच विचारायच्या, आणि तेच शेजाऱ्याला सांगायला लावायच्या.

कंपनीनं शेवटी बैठक बोलावली. ताईंनीच बोलावं, असा आमचा हट्ट. त्यांनी साफ नकार दिला. "मी बोलले तर ती एका प्राध्यापिकेची तक्रार ठरेल. तू बोल." मोडक्यातोडक्या डचमध्ये मी बोलले. माझ्यानंतर चौथ्या मजल्यावरचे यान आजोबा उठले. बायको गेल्यापासून लिफ्टमध्येही कुणाशी न बोलणारा माणूस! मग एकेक जण उठत गेला... ताई मागे, डोक्याला रुमाल बांधून, नुसत्या ऐकत होत्या. महिन्याभरात निर्णय फिरला. खोली राहिली.

आपला अभ्यास असा जिने चढून दारोदार नेणारी बाई माझी शेजारीण होती, हे मी आता ताठ मानेनं सांगते.

त्या खोलीत ताई खुर्च्या नेहमी गोल मांडायच्या. रांगेत बसलं की फक्त पाठी दिसतात, म्हणायच्या. आजही तिथं खुर्च्या गोलच मांडल्या जातात. नवे रहिवासी विचारतात, असं का? मग आम्ही बसतो, आणि सांगतो.