माहेरच्या नावाची बाळंतीण

काकूचं ऑपरेशन एक दिवस पुढे का गेलं, असं तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत. सांगायला बसले असते तर मध्येच तुमची शाळेची बस आली असती, म्हणून तुमची आजी हे लिहूनच पाठवते.

काकूच्या पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशन ठरवून केलेलं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. आदल्या दिवशी सकाळी तपासणीसाठी मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. काका शिरोलीला कारखान्यात होता.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "पूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता?"

"बाळंतपणात झाला होता," काकू म्हणाली. "एक इंजेक्शन दिलं आणि अंगभर गांधी उठल्या. घसा बंद झाला, श्वास घेता येईना."

"कुठलं इंजेक्शन?"

"ते माझ्या आईला माहीत होतं."

तिची आई आता नाही. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "तेच औषध पुन्हा गेलं तर जिवावर बेतेल. नाव कळल्याशिवाय मी उद्या भूल देणार नाही."

आपल्या राज्यात सध्या एक योजना चालू आहे. प्रत्येकाला आरोग्याचा एक क्रमांक द्यायचा आणि सगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी त्याला जोडायच्या, म्हणजे नागपूरला आजारी पडलात तरी कोल्हापूरचा एक्स-रे तिथे दिसेल. आमच्या सोसायटीत एक अधिकारी ही माहिती द्यायला आले होते. त्यांनी पडद्यावर राज्याचा नकाशा दाखवला, जिल्ह्याजिल्ह्यांना जोडणाऱ्या निळ्या रेघांचा. मला तो नीटनेटकेपणा फार आवडला. तुमच्या आजोबांचे रिपोर्ट मी असेच तारीखवार लावत असे. काकूचा क्रमांक आम्ही तेव्हाच काढला होता.

काउंटरवरच्या मुलीने तो क्रमांक घातला. काकूच्या इथल्या सगळ्या तपासण्या पडद्यावर आल्या, पण बाळंतपण कुठेच नाही. काकूचं बाळंतपण जिथे झालं त्या जयसिंगपूरच्या दवाखान्यात मी फोन लावून तिचं नाव सांगितलं. तिथली बाई म्हणाली, "या नावाची बाळंतीण आमच्याकडं न्हाईच झालेली, मावशी."

काकू हळूच मला म्हणाली, "आई, तिथे माझं माहेरचं नाव असेल."

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आपल्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. काकाने लिहिलं, आम्ही पेढे वाटले, आणि तेव्हापासून काकू त्याच नावाची झाली. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तिथे दवाखान्यात नाव घातलं तिच्या भावाने. त्याने जन्मभर ज्या नावाने हाक मारली तेच सांगितलं, आणि मोबाइल नंबर स्वतःचा दिला. त्यामुळे संगणकाच्या लेखी बाया दोन. जयसिंगपूरची एक लेक बाळंत झाली आणि पुढे तिचं काहीच नाही. कोल्हापूरच्या एका सुनेला मूल आहे, पण बाळंतपण नाही.

काउंटरवरच्या मुलीने माहेरचं नाव घालून पाहिलं. नोंद सापडली, पण ती उघडायला ओटीपी हवा होता, आणि तो गेला भावाच्या मोबाइलवर. भावाचं धान्याचं दुकान आहे. काकूने फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"दादा, तुझ्या मोबाइलवर आत्ता जे आकडे आलेत ते सांग ना."

"कोण बोलतंय?"

"अरे, मी!"

"मी म्हंजे कोण? फोन कुणाचा हाय ह्यो? ओटीपी कुणाला सांगायचा न्हाय, कळलं काय? आवाज बी काढत्यात हल्ली." फोन बंद.

काकूचा फोन घरीच चार्जिंगला राहिला होता, आणि माझा नंबर त्याच्याकडे नव्हता. पुन्हा फोन लावून आता मी बोलले. "अहो, मी तिची सासू बोलतेय, कोल्हापुरातून."

"बरं चाललंय की, पावणं! काल एकजण ब्यांकेचा म्यानेजर झालता, आज तुमी सासू!"

काकूने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "आरं ए दादा! आक्काच्या लग्नात जिलबीचं ताट घिऊन माळ्यावर कोण बसलतं? आईला सांगितलं न्हाई मी. आता वैनीला सांगू काय?"

पलीकडून मोठं हसू. "व्हय, तूच हाईस! घे लिहून."

तोवर ओटीपीची मुदत संपली होती. दुसरा मागवावा लागला. मी मात्र काकूकडे बघत होते. इतकी वर्षं आमच्या घरात ती असं कधी बोलली नव्हती.

दवाखान्यातून घरी सोडतानाचा कागद पडद्यावर उघडला. त्यावर औषधाचं नाव होतं, खाली दोन रेघा मारलेलं. डॉक्टरबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "उद्या हेच द्यायचं ठरलं होतं." मग त्यांनी दुसरं औषध मागवलं. त्याची आधी चाचणी घ्यायची होती, म्हणून एक दिवस पुढे.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "दोन्ही नोंदी एकत्र करते. वर नाव एकच राहील. कुठलं ठेवू?"

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुझं नाव, तू सांग." तिने थोडा विचार केला आणि सांगितलं.

घरी आल्यावर मी त्या अधिकाऱ्यांना पत्र टाकलं, की निळ्या रेघा उत्तम आहेत, पण बायकांसाठी माहेरच्या नावाचा रकाना ठेवा, नाहीतर अर्ध्या राज्याची बाळंतपणं सापडायची नाहीत. सूचना नोंदवली आहे, असं उत्तर आलं.

ऑपरेशनच्या सकाळी काका आणि मी बाकावर काकूशेजारी बसलो होतो. नर्सने दारातून एक नाव पुकारलं, आमच्या घरात कधी न घेतलेलं. दुसऱ्या कुणाची तरी पाळी आली असेल, असं वाटून आम्ही दोघं बसूनच राहिलो. काकू पायातल्या चपला काढून केव्हाच उठली होती.