गवत मंगोलियाचं की केंब्रिजचं?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते साठतात! त्यात आमच्या केंब्रिजच्या लॅबमध्ये सगळेच एकमेकांकडे संशयाने बघतात, मग काय विचारता! उत्तर मंगोलियात तैगाचं जंगल संपून गवताळ माळ सुरू होतो, तिथल्या एका तळ्याचा गाळ आम्ही तपासतो. गाळाच्या थरांत जुने परागकण असतात. झाडांचे घटले नि गवताचे वाढले, म्हणजे जंगल मागे हटलं.

*

आमची बॉस हेलन. पहिल्याच आठवड्यात मी ओरडलो, "पाइन सापडला!"

"तो कुठूनही उडत येतो," ती म्हणाली. "तिथल्या जंगलातला लार्च सापडला तर सांग. त्याचा पराग लांब जात नाही."

मी पुण्याहून आलेलो. तेव्हापासून ती मलाही पाइनच समजते, असा माझा दाट संशय आहे!

*

प्रत्येक स्लाइडवरचे परागकण दोघांनी मोजायचे, आकडा एकमेकांना दाखवायचा नाही, हा आमचा नियम. नागपूरची सायली, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला. ती वहीवर हात आडवा धरून लिहिते. एकदा मी नुसतं विचारलं, "चहा घेणार?"

"मंदार, आकडा काढून घ्यायची ट्रिक आहे ना ही?"

*

जूनमध्ये सायलीला एका थरात लार्च जवळजवळ गायब आणि गवतच गवत सापडलं. तिचा अख्खा थिसिस त्यावर उभा! तेवढ्यात हेलनने बोट दाखवलं. खिडकी सताड उघडी आणि बाहेरचं कुरण फुलोऱ्यात.

"हे गवत मंगोलियाचं की इथलं?"

सायलीचा चेहरा पडला. तीन वर्षांची मेहनत! मला फार वाईट वाटलं. ती मात्र माझ्याकडे वळली.

"खिडकी तू उघडलीस!"

"अगं, मला गवताच्या परागांची अ‍ॅलर्जी आहे! मी कशाला उघडू?"

"तेच तर! तुझ्यावर कुणाला डाउटच येणार नाही."

*

प्रत्येक बॅचबरोबर आम्ही गाळ न घातलेली एक ट्यूबही तयार करतो. तेच टेबल, तीच केमिकल्स, तीच खिडकी. बाहेरचं गवत आत पडलं असेल, तर त्या ट्यूबमध्येही दिसणारच. तिची स्लाइड हेलनने आणि मी आळीपाळीने मोजली. सायली मागे येरझाऱ्या घालत होती.

आकड्यांच्या चिठ्ठ्या उघडल्या. दोन्हींवर शून्य!

हेलन चक्क हसली. "गवत मंगोलियाचंच. काँग्रॅच्युलेशन्स, सायली!" माझा जीव भांड्यात पडला.

सायलीने ती स्लाइड उचलली, उजेडात धरली आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"शून्य? खरं सांगा, ही बदलली कुणी?"