पानाबाईचा छोटा नळ

माझ्या धाकट्या बहिणीला कारखान्यात सगळे पानाबाई म्हणतात. नट आवळायचा पाना कायम तिच्या खिशात असतो ना, म्हणून. या नावाचा राग तिला येत नाही, मला येतो. पण मी भांडायला उठले की तीच मला म्हणते, "ताई, तुला कुणी कात्रीबाई म्हणत नाही म्हणून जळतेस होय?"

आमच्या कारखान्यात जुन्या व्हॅन आणि मिनीबस येतात आणि घरं होऊन बाहेर पडतात. आत पलंग, ओटा, शेगडी, इवलीशी मोरी, सगळं असतं. लोक त्यांना कॅराव्हॅन म्हणतात, आम्ही आपलं घरगाडी म्हणतो. गाद्या आणि पडदे मी शिवते. पाण्याचं सगळं काम पानाबाईचं.

इथे येण्याआधी अकरा वर्षं ती इमारतींमधल्या नळांची कामं करायची. दार उघडणारा तिच्या खांद्यावरून मागे बघून विचारायचा, "प्लंबर कुठाय?" ही शांतपणे म्हणायची, "तुमच्यासमोर उभी आहे. चपला काढू की तशीच येऊ?" मी असते तर त्याच पावली परत फिरले असते. ती मात्र आत जायची आणि काम असं करायची की पुढच्या वेळी तोच माणूस तिला शोधत यायचा.

घरगाडीतला पहिला फिल्टर तिने बसवला तो घरातल्या सवयीने. ताठ पाइप, भिंतीला घट्ट आवळलेला. अहो, पण घराची भिंत पळत नाही, गाडीची पळते! पहिल्याच खडबडीत रस्त्यावर सांध्याला चीर पडली आणि माझ्या नव्याकोऱ्या गाद्यांनी पोटभर पाणी पिऊन घेतलं. मी तिला असं झापलं की पलीकडचा सुतार रंधा थांबवून ऐकत बसला. तेव्हापासून ती लवचीक नळ्या वापरते, फिल्टरखाली रबर घालते, आणि चाचणीच्या दिवशी गाडी मुद्दाम खड्ड्यांतून न्यायला लावते. स्वतः आत गाडीच्या जमिनीवर पालथी पडते आणि ओट्याखाली टॉर्च मारून प्रत्येक सांधा बघत राहते. एकदा कपाळाला हे एवढं टेंगूळ घेऊन उतरली. मी म्हटलं, "डोकं फुटेल एक दिवस." तर म्हणाली, "फुटू दे. सांधा फुटता कामा नये."

तर या वर्षी एक काका-काकू आले. तीन वर्षांपूर्वी काकांची किडनी बदललेली. नवी किडनी काकूंनीच दिलेली, स्वतःची. तेव्हापासून दोघं घरातच. आता डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली होती, पण एका अटीवर. शंका असलेल्या पाण्याचा एक थेंबही काकांच्या पोटात जाता कामा नये. काकू म्हणाल्या, "तीन वर्षं हे एकाच खिडकीतून एकच रस्ता बघतायत. त्यांना समुद्र बघायचाय. पण पाण्याची खात्री नसेल, तर आम्ही खिडकीतच बरे."

पानाबाईने ते काम अगदी मनावर घेतलं. गाळ अडवायला एक फिल्टर, वास आणि चव सुधारायला कोळशाचा दुसरा, जंतूंसाठी अगदी बारीक जाळीचा तिसरा, त्याच्या पुढे जंतू मारणारा दिवा. आणि या सगळ्यांतून गाळून येणाऱ्या पिण्याच्या पाण्यासाठी मोठ्या नळाशेजारी वेगळा छोटा नळ; मोठा नळ थेट टाकीवर. जेवतानासुद्धा ती बोटाने ताटात नळ्या आखत होती.

गाडी द्यायच्या आधी टाकी आणि सगळ्या नळ्या क्लोरीनच्या पाण्याने धुवायच्या असतात. तेव्हा फिल्टरमधल्या पुंगळ्या, म्हणजे आतल्या गाळण्या, काढून ठेवायच्या, कारण कोळसा सगळं क्लोरीन गिळून टाकतो आणि पुढची नळी न धुताच राहते. प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास आला की मगच गाडी धुतली असं समजायचं. पण आदल्या दिवशी कारखान्याच्या मालकांना कुणालातरी तयार फिल्टर दाखवायचा होता, म्हणून पुंगळ्या बसवलेल्या होत्या, आणि गडबडीत त्या काढायच्या राहिल्या. ती गाडीखाली टाकीपाशी आडवी. मी वर स्टुलावर, तोंडात टाचण्या, हातात पडदा. खालून ओरडली, "ताई, दोन्ही नळांना वास येतोय का बघ गं!"

मी मोठा नळ उघडला. नाक झोंबलं. छोटा उघडलाच नाही. "येतोय!" म्हणून ओरडले आणि पडद्याकडे वळले. खोटं बोलतेय असंही मनात आलं नाही हो. सगळी गाडीच क्लोरीनने घमघमत होती.

संध्याकाळी माझ्याकडे चहाला बसलो होतो. तिचा कप हातातच थांबला.

"ताई, मी पुंगळ्या काढल्याच नव्हत्या. मग छोट्या नळाला वास आला कसा?"

"अगं, मी तो उघडलाच नाही."

तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "उद्या गाडी द्यायची नाही."

सकाळी काका-काकू बॅगा घेऊन हजर. काकांच्या डोक्यावर नवी टोपी. मालकांनी पानाबाईला कोपऱ्यात घेतलं. "पाणी काचेसारखं आहे, दिवा लागतोय, सगळं नवं आहे. कुणाला कळणारे?"

"मला," ती म्हणाली.

आणि सरळ जाऊन काकांसमोर उभी राहिली. "माझ्याकडून चूक झाली. पिण्याच्या नळाची नळी धुतली गेलेली नाही. सगळं पुन्हा धुते, पुंगळ्या नव्या घालते, पाणी तपासून घेते. चार दिवस लागतील." माझं नावसुद्धा काढलं नाही. मालक लगेच सुरू झाले, "बघा, हिच्यामुळे आमचं नाव..." आणि माझी तार सटकली. "तिला काय बोलताय? तिने विचारलं होतं! न बघता हो म्हणणारी मी आहे!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला मी काही बोलत नाही," त्या म्हणाल्या. "बोलायला लागले तर थांबायची नाही." काकांनी टोपी काढली, बॅग उचलली, आणि दोघं आल्या पावली परत गेले. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

पुन्हा धुताना पानाबाईने मला छोट्या नळापाशीच बसवलं. वास आला. मी ओरडले, "आला!"

"नक्की?"

"नाक जळतंय माझं! ये वर आणि स्वतः हुंगून बघ!"

आली की वर! हुंगलं, मान डोलावली आणि परत खाली गेली. मी रागावले नाही. तिचं बरोबरच होतं. मग क्लोरीन पुरतं निघून जाईपर्यंत टाकी भरली, रिकामी केली, परत भरली. नव्या पुंगळ्या बसवल्या, आणि छोट्या नळाच्या पाण्याची बाटली प्रयोगशाळेत स्वतः नेऊन दिली, दुसऱ्या कुणाच्या हाती नाही. अहवाल चांगला आला.

पाचव्या दिवशी काका-काकू आले. बॅगा रिक्षातच ठेवल्या होत्या. मालकांनी अहवाल पुढे केला, पण काकूंनी तो हातात घेतला नाही. त्या पानाबाईकडे वळल्या.

"कागद राहू दे. तुम्ही सांगा. मी ह्यांना हे पाणी न उकळता देऊ?"

एरवी हिच्या जिभेला हाड नसतं. त्या दिवशी तिने पँटला हात पुसले, काकूंच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "द्या."

काकूंनी छोट्या नळाखाली ग्लास धरला. तीन वर्षांत पहिल्यांदा न उकळलेलं पाणी त्या नवऱ्याला देत होत्या. ग्लास पुढे करताना अर्धं पाणी ओट्यावर सांडलं. काकांनी उरलेलं एका दमात संपवलं, मिशी पुसली आणि रिकामा ग्लास पुढे केला. "अगं, पूर्ण भरून दे की!"

काकू रडता रडता हसल्या. दुसरा ग्लास भरून दिला आणि मग माझ्याकडे वळल्या, त्या दिवशी जिच्याशी बोलायलाही तयार नव्हत्या त्या माझ्याकडे. पानाबाईच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "ह्या तुमच्या कोण?"

"माझी बहीण आहे!" मी म्हटलं, आणि इतक्या मोठ्यांदा की पार फाटकावरच्या वॉचमनने वळून पाहिलं. "सख्खी!"