धुतलेल्या दगडाचं उष्टं

आधीच सांगते, मी या सदरातले अनुभव वाचते ते झोप येण्यासाठी. पांढऱ्या साडीतली बाई, वळणावरचा म्हातारा... हसू येतं. मी नांदेडच्या एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पंचवीस वर्षं लोकांची थुंकी, लघवी, पू बघून पोट भरते. भुताखेतांवर विश्वास ठेवायला मला वेळही नाही आणि हौसही नाही.

आणि किळसही येत नाही... लॅबमध्ये. हातमोजे चढवले की कुणाचा बेडका समोर आला तरी नंतर मी डबा खाऊ शकते. पण रस्त्यावरची थुंकी? एस.टी. स्टँडचे कोपरे, जिन्यातल्या त्या लाल पिचकाऱ्या, चालत्या बसच्या खिडकीतून मागच्याच्या तोंडावर येणारे शिंतोडे! ते मला बघवत नाही. मी थुंकणाऱ्याला तिथल्या तिथे झापते. आमच्या गल्लीत मला 'थुंकीवाल्या बाई' म्हणतात, म्हणू देत.

यामागे घरचं कारण आहे. माझा नवरा वीस वर्षं गुटखा खायचा. बंदी आहे म्हणे, पण पुडी कुठं मिळत नाही ते सांगा. मग गालाच्या आत पांढरा चट्टा आला. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. डॉक्टरांनी चट्टा काढला आणि स्वच्छ सांगितलं, यापुढे एक पुडीही तोंडात नको, चट्टा परत आला तर पुढचं बोलणं वेगळं असेल. त्या दिवशी यांनी सोडला. दोन वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी हे ऑफिसातून आले की मी दारातच म्हणायची, "आ करा." वास घ्यायची, टॉर्च मारायची, मग चहा. हे मला 'कस्टमवाली' म्हणायचे. म्हणोत बापडे.

रविवारी रिकामा वेळ नको म्हणून आम्ही डोंगर चढायला लागलो. गाडी नाही आमच्याकडे, पण तिची गरजही नाही. नांदेडहून आदिलाबादकडे जाणारी सकाळची रेल्वे पकडायची, मुदखेड, भोकर, हिमायतनगर करत किनवटला उतरायचं. तिथून माहूर रोडची लालपरी. साधारण चाळीस मिनिटांनी एक फाटा येतो, तिथून गावाच्या मागचा डोंगर. गावाचं नाव देत नाही, नाहीतर लोक रील काढायला जातील आणि तिथेही थुंकतील. सगळा काळा पाषाण. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा आला, थरावर थर बसत गेले, भाकरींच्या चवडीसारखे. वर सपाट माथा आणि खाली सागाचं रान. फार सुंदर जागा आहे.

त्या रविवारी हे म्हणाले, "गुडघा दुखतोय, तू जा." म्हणून लॅबमधली शबाना माझ्याबरोबर आली. शबाना माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, देगलूर नाक्याजवळ माहेर, जीभ माझ्याहून तिखट.

फाट्यापासून वीस मिनिटं चाललं की डोंगराची पायवाट सुरू होते. तोंडाशीच कंबरेएवढा एक दगड आहे. आधी मला वाटलं शेंदूर लावलाय. जवळ गेले तर... थुंकी! पानाची, तंबाखूची, गुटख्याची. किती वर्षांची कोण जाणे. तपकिरी, लाल, काळी, थरावर थर. खालच्या भेगेत सुपारीचा चोथा, त्यावर माश्या. एक ओला ओघळ तर अजून वाहत होता.

शेजारी बकऱ्या चारत एक म्हातारी बसली होती. तिला विचारलं, "मावशी, हे काय घाण करून ठेवलंय?"

"घाण न्हाई बाई. थुक्या धोंडा हाय त्यो," ती म्हणाली. "वर देव हाय. उष्ट्या तोंडानं वर जायचं न्हाई. जे तोंडात असल ते इथं टाकायचं, चूळ भरायची अन् मग चढायचं. त्यो धोंडा समद्यांचं उष्टं सांभाळतो."

तुम्ही म्हणाल गप्प पुढे जायचं. पण माझं डोकं फिरलं होतं. मी पिशवीतून बाटली काढली, सागाची वाळकी पानं घेतली आणि दगड धुवायला बसले. शबाना म्हणाली, "ताई, बस करो ना, क्या नसता उद्योग!" म्हातारी उठून उभी राहिली. "धुऊ नका बाई. त्याचं हाय ते, त्याच्यापाशी राहू द्या." मी तिला टी.बी.वर दहा मिनिटांचं भाषण दिलं. तिने सगळं ऐकून घेतलं. दगडावरून पाणी लालभडक होऊन वाहत होतं, त्याचा गोडसर कुबट वास नाकात बसला होता. घासून घासून एक बाजू काळी कुळकुळीत केली. हात सॅनिटायझरने धुतले. घसा कोरडा पडला होता, बाटलीत तळाशी थोडं पाणी होतं, ते वरून घशात ओतलं. बाटलीला ओठ लावत नाही मी, कधीच.

म्हातारीने गालावर हात ठेवला. "आता गं बया! त्याला पाजलं अन् त्यातलंच उरलेलं आपण पिलात? उष्टं पिलात की त्याचं."

"दगडाला कुठं तोंड असतं मावशी," मी हसून म्हणाले. घड्याळ बघितलं, अकरा वाजले होते. आम्ही वर चढलो.

थोडं चढतोय तोच माझं तोंड पाण्याने भरलं. चव ओळखीची होती. कात, चुना, ती सेंट मारलेली वेलची... यांच्या शर्टाला, उशीला, रुमालाला वीस वर्षं जो वास यायचा तोच. रुमालात थुंकले. लाल.

शबानाने बघितलं आणि म्हणाली, "हिरडीतून रक्त आलं असेल." मलाही तेच वाटलं. पाचच्या सुमाराला परतीच्या गाडीत पुन्हा तसंच झालं. अख्खा रुमाल भरला. समोरची बाई पदर नाकाला लावून उठून गेली. आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती.

सोमवारी लॅबमध्ये अकराला पुन्हा. मी सरळ स्लाईडवर घेतलं आणि मायक्रोस्कोपखाली धरलं. रक्ताच्या पेशी नव्हत्या. तंतू होते, वनस्पतीचे, आणि सुपारीच्या चुऱ्यासारखे कण. शबानाला बोलावलं. तिने डोळा लावला, मग माझ्याकडे बघितलं. "ताई, खरं सांगा. खायला लागलात का?"

दाताच्या डॉक्टरला दाखवलं. हिरड्या उत्तम, जीभ उत्तम, काही नाही. पण रोज दोनदा, अकराच्या सुमाराला आणि पाचच्या सुमाराला, तोंड त्या घाणीने भरायचं. सवयीने मी वेळा लिहून ठेवल्या. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे, बस. रविवार असो की सण.

किती किळस आली असेल मला स्वतःची, सांगता येत नाही. दुसऱ्याची थुंकी पुसता येते हो... इथे माझ्याच तोंडात कुणाचं तरी चघळलेलं! दिवसातून चारदा ब्रश केला. मिठाच्या गुळण्या केल्या. जेवताना घास गिळवेना. माझं ताट, पेला वेगळा काढला. आणि सगळ्यात मोठी भीती यांची. गुटखा सोडलेल्या माणसाला वास पुरतो. माझ्या तोंडाच्या वासाने यांची दोन वर्षं वाया गेली तर? मी दुसऱ्या खोलीत झोपायला लागले. बोलताना तोंड फिरवायची. आणि संध्याकाळचं 'आ करा' बंद झालं. कुठल्या तोंडाने म्हणणार होते? माझ्याच तोंडाला तो वास.

पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी हे बेसिनपाशी उभे होते. मी पुसायची विसरलेला लाल थेंब बघून म्हणाले, "अगं... तू पुडी सुरू केलीस की काय?"

मी! मला विचारतात! मी इतकी ओरडले की वरच्या मजल्यावरच्यांनी टी.व्ही. बंद केला. ओरडून झाल्यावर रडले आणि सगळं सांगितलं. दगड, पाणी, म्हातारी, स्लाईड. हे हसतील असं वाटलं होतं. हे हसले नाहीत. खुर्चीत बसले. मग म्हणाले, "कितीला येतं म्हणालीस?"

"अकराला. आणि पाचला."

यांनी उठून बेसिनमधला तो थेंब पुसला.

शबाना एकच म्हणत होती, "जिथून आणलं तिथं देऊन या ताई. माझी नानी बी हेच बोलली असती." त्यानंतरच्या रविवारी मी निघाले. यांनी न सांगता बूट घातले. गुडघ्याबद्दल चकार शब्द नाही.

फाट्यावर उतरलो. हे म्हणाले, "आलोच," आणि बसथांब्याच्या मागे गेले. मी वाटेला लागले आणि थोड्या वेळात तोंड भरायला लागलं. घड्याळ बघायची गरज नव्हती. रुमालात थुंकायची मला आता लाज वाटत होती, यांच्यासमोर तर जास्तच. तसंच तोंडात धरून चालले. हेही मागून आले आणि बरोबर चालायला लागले. वीस मिनिटं आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. मला वाटलं, हे माझ्यावर चिडलेत.

म्हातारी तिथेच होती, बकऱ्याही. मी धुतलेली बाजू तशीच काळी होती, तिच्यावर कुणी थुंकलं नव्हतं. तिने माझ्या फुगलेल्या गालांकडे बघितलं आणि हसली.

"आलात व्हय. उष्टं खाल्लं की उष्टं द्याया लागतं बाई. थुका."

मी वाकले. आणि जमेना. पंचवीस वर्षं लोकांना झापलेली बाई मी, उघड्यावर, यांच्यासमोर, दगडावर थुंकू? जबडा घट्ट झाला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं पण तोंड उघडेना.

म्हातारी यांच्याकडे वळली. "मग दादा, तुमी तरी टाका. बाईनं किती दिस सांभाळायचं?"

मला कळलंच नाही ती काय म्हणतेय. हे पुढे आले. माझ्याकडे बघितलं नाही. वाकले आणि त्या धुतलेल्या काळ्या बाजूवर थुंकले. लालभडक, पचकन. मग पँटच्या खिशातून दोन पुड्या काढल्या, एक फोडलेली आणि एक तशीच, आणि दगडाच्या भेगेत कोंबल्या.

"त्या रविवारपासून," हे म्हणाले. "गुडघा दुखत नव्हता. तू डोंगरावर गेलीस आणि मी चौकात गेलो. अकरा वाजले असतील. मग रोज अकराच्या चहावर एक, पाचच्या चहावर एक. तू वास घेणं बंद केलंस... मला वाटलं सुटलो."

मला आधी मारावंसं वाटलं. खरंच सांगते. दोन वर्षं मी टॉर्च मारत होते, आणि हा माणूस! मग माझ्या लक्षात आलं की तोंडात आता काही चव नव्हती. कात नाही, वेलची नाही. नुसती साधी लाळ. मी वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा उघड्यावर थुंकले, रागाने, अगदी पोटातून. पांढरी स्वच्छ.

"झालं," म्हातारी म्हणाली. "आता धोंडा धुवाया बाटली काढू नका."

त्याला आता आठ महिने झाले. पुन्हा कधी तसं झालं नाही. ती स्लाईड शबानाने जपून ठेवली आहे, तंतू अजून दिसतात. हिरडीचं रक्त होतं, भास होता असं कळवणाऱ्यांनी आधी नांदेडला येऊन ती बघावी. थुंकणाऱ्यांना मी अजून झापते, किळस तीळभरही कमी झालेली नाही. संध्याकाळी टॉर्चही मारते. फक्त आता हे आधी मला म्हणतात, "आ कर." आणि मी करते.

डोंगरावरून आल्यावर दुसऱ्याच दिवशी यांना डॉक्टरांकडे ओढत नेलं होतं. चट्टा परत आला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. तुकडा काढून तपासला. अजून बिघडलेला नव्हता. रिपोर्ट हातात देताना डॉक्टर म्हणाले, "इतक्या लवकर कुणी येत नाही हो. दुखत नाही, दिसत नाही, कळतच नाही. तुम्हाला कळलं कसं?"

मी काहीतरी हिरड्यांचं सांगायला तोंड उघडलं, तोवर हेच बोलले.

"हिच्या तोंडाला चव आली, डॉक्टर."

"म्हणजे?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी रिपोर्ट पिशवीत घातला आणि यांना घेऊन बाहेर पडले.